करार फिसकटला, दुकानं मात्र गेली

शुक्रवार, 25 फेब्रुवारी 2022. आदल्याच दिवशी रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता आणि घरोघरी टीव्हीवर युद्धाचीच दृश्यं चालू होती. त्याच रात्री देशभरातल्या अनेक बिग बझारची शटरं खाली आली आणि पुढचा शनिवार-रविवार ती वर गेली नाहीत. महिन्याचं वाणसामान भरायला आलेली कुटुंबं दारावरूनच परतली. आठवड्यातला सगळ्यात मोठा धंदा या दोन दिवसांत होतो, आणि नेमके तेच दोन दिवस दुकानं बंद राहिली. आत काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण सोमवारी कोणाचे नोकर असू हे ठाऊक नव्हतं.

अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्टेशनांच्या मधलं चिखलोली अशा बातम्यांत कुठेच येत नाही. इथे धरण आहे, मोरिवलीला लागून एमआयडीसीतले कारखाने आहेत, शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती आहेत, आणि मंजूर होऊनही ज्याची वाट पाहण्यात वर्षं गेली असं एक रेल्वे स्टेशन आहे. पण मुंबई-ठाण्याच्या मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर उभी राहणारी, फळीवर माल लावणारी, बाहेर पडताना बिलावर शिक्का मारणारी माणसं राहतात ती अशाच ठिकाणी. डोंबिवलीच्या पुढे गेल्याशिवाय त्यांच्या पगारात घरभाडं बसत नाही. दुकान रात्री दहाला बंद होतं. गल्ल्याची रोकड मोजून, विस्कटलेल्या फळ्या नीट लावून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात. मग बदलापूर नाहीतर कर्जत लोकल. तेव्हा मध्ये स्टेशन नव्हतं, म्हणून चिखलोलीकर अंबरनाथला किंवा बदलापूरला उतरायचा आणि शेअर रिक्षा मिळाली तर मिळाली. बिग बझारचा इतिहास एरवी बिग बझारचे बियाणी, ॲमेझॉनचे बेझोस आणि रिलायन्सचे अंबानी या तीन नावांभोवती सांगितला जातो. मला तो या लोकलमधल्या माणसाच्या बाजूने सांगायचा आहे.

सुरुवात 2001 सालची. किशोर बियाणींनी कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद अशी तीन बिग बझार 22 दिवसांत उघडली आणि लगेच मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात पाय रोवले. ती जागा निव्वळ योगायोगाची नव्हती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप संपल्याचं कधी कोणी जाहीर केलं नाही. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि परळ-लालबागची कितीतरी कुटुंबं मध्य रेल्वेच्या मार्गावर एकेक स्टेशन पुढे सरकत डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत आली. वीस वर्षांनी त्याच गिरण्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले तेव्हा त्यांत काउंटरला लागायला निघालेली पोरं-पोरी याच स्टेशनांवरून गाडी पकडत होती.

बियाणींची कल्पना साधी आणि हुशारीची होती. आपलं गिऱ्हाईक चकचकीत, शांत दुकानाला बिचकतं, त्याला बाजार आवडतो, धान्य हाताने चाळून बघायला आवडतं, हे त्यांनी ओळखलं. म्हणून बिग बझारमध्ये मुद्दाम गर्दी असे, डाळ-तांदळाची उघडी पिंपं असत, माईकवरून ऑफर पुकारल्या जात. बुधवार हा आठवड्यातला सर्वांत स्वस्त दिवस. 26 जानेवारी 2006 ला ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा लोटलेली गर्दी आवरायला कितीतरी ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. बारावी झालेल्या, इंग्रजी येत नसलेल्या मुलामुलींना इथे काम मिळत होतं. युनिफॉर्म, ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयसीचं कार्ड. किराणा दुकानात किंवा पोळीभाजी केंद्रात राबणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून या नोकरीची किंमत पगाराच्या आकड्यापेक्षा जास्त होती, हे मी आवर्जून लिहितो.

पुढची दहा-बारा वर्षं साखळी कर्जावर फुगत गेली. 2012 मध्ये कर्ज हलकं करायला बियाणींनी पँटलून्स आदित्य बिर्ला समूहाला दिलं आणि लगेच पुन्हा खरेदी सुरू केली. नीलगिरीज, भारतीचं ईझीडे, हेरिटेजची दुकानं आणि 2017 मध्ये शॉपर्स स्टॉपकडून 655 कोटींची हायपरसिटी. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या हायपरसिटीत आधीपासून असलेला कर्मचारी 2022 पर्यंत टिकला असेल तर त्याने पाच वर्षांत मालकांच्या तीन पाट्या पाहिल्या.

इथे डीमार्टची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राधाकिशन दमाणींनी नेरूळला ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून हा धंदा समजून घेतला आणि 2002 मध्ये पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. नायगावच्या कामगारवस्तीत 1948 साली सुरू झालेल्या ग्राहक सहकाराच्या चळवळीने घडवलेली ती शाळा होती. दमाणींनी शक्यतो जागा विकत घेतल्या किंवा फार लांब मुदतीवर घेतल्या, आणि दुकानांची संख्या सावकाश वाढवली. बियाणींनी भाड्याच्या जागांवर भराभर दुकानं उघडली. दर महिन्याला भाडं द्यायचं म्हणजे दर महिन्याला गल्ला भरलाच पाहिजे. दिवस चांगले असताना या फरकाकडे कोणी लक्ष दिलं नाही. पुढे जे घडलं ते सगळं याच फरकातून घडलं.

24 मार्च 2020 च्या मध्यरात्री देश बंद झाला. किराणा-धान्य चालू होतं, पण बिग बझारचा नफा यायचा कपड्यांतून आणि घरगुती वस्तूंतून, आणि मॉलना तर कुलपंच लागली. बियाणींनी समूहातले शेअर तारण ठेवून कर्जं घेतली होती. बाजार कोसळला तसं ते तारणही कवडीमोल व्हायला लागलं. जुलैमध्ये त्यांच्या फ्युचर समूहातल्या, बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलने परदेशी डॉलर रोख्यांवरचं व्याज ठरल्या दिवशी भरलं नाही. 29 ऑगस्ट 2020 ला जाहीर झालं की रिलायन्स रिटेल हा सगळा पसारा, म्हणजे किरकोळ, घाऊक, गोदामं आणि वाहतूक, 24,713 कोटींना घेणार.

या कराराचा एक तपशील कामगारांच्या दृष्टीने सर्वांत मोठा होता आणि वर्तमानपत्रांत त्याला फारशी जागा मिळाली नाही. विक्री ‘चालू धंद्या’ची होती. धंदा चालू स्थितीत दुसऱ्याकडे जातो तेव्हा नोकरवर्ग त्याच्याबरोबर जातो. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 25 एफएफ अशाच वेळेसाठी होतं. सेवेत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुन्या मालकाकडची वर्षंसुद्धा नव्या मालकाने मोजायची. यातली एखादी अट जरी पाळली गेली नाही, तर कामगाराला नोटीस आणि भरपाई. चिखलोलीतल्या कोणा मुलीने ठाण्याच्या दुकानात आठ वर्षं काढली असतील तर ती आठ वर्षं तिच्यासोबत गेली असती.

तो करार झालाच नाही.

ॲमेझॉनने 2019 मध्ये समूहातल्या फ्युचर कूपन्स या कंपनीचा 49 टक्के हिस्सा सुमारे 1,430 कोटींना घेतला होता. त्या कागदात एक यादी होती. या यादीतल्यांना आमच्या परवानगीशिवाय दुकानं विकायची नाहीत, आणि यादीत अंबानींचा समूह होता. ऑक्टोबर 2020 मध्ये सिंगापूरच्या लवादाने व्यवहाराला तातडीची स्थगिती दिली. पुढची दीड वर्षं दिल्ली उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, स्पर्धा आयोग आणि कंपनी न्यायाधिकरण अशा चार दारांत खटले चालू होते. 6 ऑगस्ट 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो आदेश भारतात लागू होतो असं सांगितलं. डिसेंबरमध्ये स्पर्धा आयोगाने ॲमेझॉनच्याच 2019 च्या व्यवहाराची मंजुरी स्थगित केली आणि 202 कोटींचा दंड लावला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. दुकानात त्या काळात काय होत होतं, ते मात्र कोणत्याच निकालपत्राचा विषय नव्हतं.

दुकानात फळ्या रिकाम्या होत होत्या. पुरवठादारांचे पैसे थकले की आधी तेल-साबणाच्या मोठ्या कंपन्या हात आखडतात. उधारी बंद, रोख द्या आणि माल घ्या. मग पुढच्या रांगेत पाकिटं मांडून मागची जागा भरल्यासारखी दाखवायची, ज्याला दुकानातली माणसं ‘फेसिंग करणं’ म्हणतात. दहा फळ्यांचा माल चार फळ्यांवर पसरायचा. गिऱ्हाईक ऑफर विचारायला येतं आणि उत्तर द्यायला काउंटरवरचा माणूस उभा असतो, ज्याला स्वतःचा पुढचा पगार वेळेवर होईल की नाही याचीच खात्री नसते. या नोकरीत पगाराचा काही भाग विक्रीच्या टार्गेटवर असतो. विकायला मालच नसेल तर टार्गेट कसलं पुरं होणार!

2021 मध्ये फ्युचर समूहातल्या महिला कर्मचाऱ्यांच्या एका गटाने पंतप्रधानांना पत्र लिहून आमची नोकरी वाचवा अशी विनंती केली. या सगळ्या प्रकरणात कामगारांचा म्हणून जो आवाज नोंदला गेला तो जवळजवळ एवढाच. आणि तोही विक्री होऊ द्या म्हणून होता. नोकरदार माणूस एरवी मालक बदलायला घाबरतो. इथे बायका मालक बदला म्हणत होत्या, कारण न बदलल्यास काय होईल हे त्यांना समोर फळीवर दिसत होतं.

दरम्यान रिलायन्सने वेगळी वाट धरली. भाडं थकलं होतं आणि जागामालक वैतागले होते. रिलायन्सच्या कंपन्यांनी शेकडो जागांचे भाडेकरार स्वतःच्या नावावर करून घेतले आणि त्याच जागा फ्युचरला पोटभाड्याने दिल्या. वर पाटी बिग बझारची, आत नोकर फ्युचरचे, जागा रिलायन्सच्या ताब्यात. बियाणींना श्वास घ्यायला वेळ मिळाला आणि घरमालकांचे पैसे मिळाले, म्हणून तेव्हा कोणी आरडाओरड केली नाही. 31 डिसेंबर 2021 ला फ्युचर रिटेल बँकांचे सुमारे 3,494 कोटी फेडू शकली नाही, आणि दोन महिन्यांच्या आत रिलायन्सने पोटभाडेकरार संपवायला सुरुवात केली. फ्युचरने शेअर बाजाराला कळवलेले आकडे असे: बिग बझार आणि तत्सम मोठी दुकानं 342, ईझीडे-हेरिटेजसारखी छोटी 493. शिवाय समूहातल्या सेंट्रल आणि ब्रँड फॅक्टरीची 112. एकूण 947. फ्युचर रिटेलची किरकोळ विक्रीतली निम्म्याहून जास्त कमाई यांपैकी आपल्या 835 दुकानांतून येत होती. कंपनीने लिहिलं की मागच्या चार तिमाहींत 4,445 कोटींचा तोटा झाला आहे आणि आम्ही कामकाज आवरतं घेत आहोत.

माझ्या मते या इतिहासाची खरी गाठ इथे आहे. दुकानं विकली गेली नाहीत, जागा परत घेतल्या गेल्या. गिऱ्हाइकाला फरक दिसला नाही, थोड्याच दिवसांत त्याच जागी ‘स्मार्ट बझार’ची पाटी लागली. कायद्याच्या नजरेत मात्र फरक जमीन-अस्मानाचा होता. धंदा हस्तांतरित झाला असं म्हणायला कागदच नव्हता. म्हणजे 25 एफएफ लावायचं तर आधी ते हस्तांतरण होतं हे कोर्टात सिद्ध करायचं, आणि ते कोणी करायचं? रिलायन्सने जवळपास 30 हजार जणांना नोकरी देऊ केल्याच्या बातम्या आल्या, आणि पुष्कळांना ती मिळालीही. हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण देऊ केलेली नोकरी ही नवी नोकरी असते. ग्रॅच्युइटीसाठी कायद्याने पाच वर्षं सलग सेवा लागत होती. साडेतीन-चार वर्षं झालेल्याचं घड्याळ नव्या मालकाकडे पुन्हा शून्यावर येऊ शकतं, आणि जुन्या कंपनीकडे त्याचा हक्क तयारच झालेला नसतो. ज्याची दहा वर्षं झाली त्याचा हक्क तयार असतो, पण तो मागायचा दिवाळखोरीकडे निघालेल्या कंपनीकडे.

आणि तीस हजारांच्या आकड्यात कोण नव्हतं, तेही बघायला हवं. मोठ्या दुकानात कंपनीच्या रोलवर असतात त्यांच्या बरोबरीने इतरही माणसं रोज राबतात. एजन्सीचा सिक्युरिटीवाला, झाडलोट करणाऱ्या मावशी, गोडाऊनला गोणी उतरवणारे, आणि साबण-शाम्पूच्या कंपन्यांनी आपला माल खपवायला उभ्या केलेल्या प्रमोटर मुली. दुकान बंद झालं की यांच्यासाठी काही करार मोडावाच लागत नाही. ठेकेदाराचा फोन येतो, उद्यापासून येऊ नको, दुसरी साइट बघतो. सणाच्या तोंडावर घेतलेली मुलं तर त्याआधीच गेलेली असतात.

अंबरनाथ-कल्याण पट्ट्याला कारखाना बंद पडण्याचा अनुभव नवा नाही. विमको नाका म्हणताना आज कोणाला आगपेट्या आठवत नाहीत. मोहोन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी 2009 मध्ये बंद पडली आणि थकलेल्या देण्यांसाठी तिथल्या कामगारांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं मोर्चे आणि तारखांत गेली. पण तिथे गेट होतं, युनियन होती, कॉलनी होती, आणि शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत होती. ते संरक्षण कारखाना, खाण आणि मळा यांनाच होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये शंभर माणसं असली तर मालकाला अर्ज करावा लागायचा, आणि मॉलमधल्या दोनशे माणसांच्या दुकानाला फक्त नोटीस पुरायची. दुकानातला कामगार पाळीवर येतो, पाळीवर जातो, त्याचे सहकारी विरारपासून पनवेलपर्यंत विखुरलेले. गेटसभा घ्यायची तर गेट मॉलवाल्याचं.

मार्च 2022 मध्ये ॲमेझॉनने वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन दुकानं फसवणुकीने हलवल्याचा आरोप केला. एप्रिलमध्ये फ्युचरच्या वतीने हरीश साळवे यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की ॲमेझॉनला आम्हाला संपवायचं होतं आणि त्यांनी ते साधलं. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असेल, ते ठरवण्याची जागा कोर्ट. पण चिखलोलीहून पाहणाऱ्याला एवढं दिसतं की भांडण होतं दुकानं कोणाला विकू नयेत याचं, आणि ते निकाली लागेपर्यंत विकण्यासारखं काही उरलं नाही. त्याच महिन्यात करारावर मतदान झालं. भागधारकांनी होकार दिला, पण तारण असलेल्या धनकोंपैकी, म्हणजे मुख्यतः बँकांपैकी, 69.29 टक्के मतं विरोधात पडली. 75 टक्के होकार लागत होता. 23 एप्रिलला रिलायन्सने कळवलं की योजना अमलात आणता येत नाही. दुकानं तोवर त्यांच्याकडे आलेलीच होती.

पुढचं झपाट्याने घडलं. बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर 20 जुलै 2022 ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. घेणारा शोधण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. स्पेस मंत्रा या कंपनीचा सुमारे 550 कोटींचा देकार बँकांना पटला नाही, आणि 29 जुलै 2024 ला फ्युचर रिटेल मोडीत काढण्याचा आदेश झाला. ज्या समूहाच्या धंद्याला चार वर्षांपूर्वी 24,713 कोटी मिळणार होते, त्याच्या मुख्य कंपनीचं हे झालं.

मोडीत निघालेल्या कंपनीत पैसे वाटायचा क्रम कायद्याने ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची मागची 24 महिन्यांची देणी, तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना 12 महिन्यांची देणी, तीही त्यानंतरच्या पायरीवर. दुकानातला टीम लीडर, फ्लोअर मॅनेजर या दुसऱ्या पायरीवरचे. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचा फंड कायद्याने या वाटपाबाहेर ठेवला आहे, अर्थात मुळात पैसे भरलेले असतील तर. या पायऱ्यांच्याही खाली भाजी, मसाले, तयार कपडे पुरवणारे छोटे व्यापारी, ज्यांच्या स्वतःच्या गाळ्यांत पाच-दहा माणसं कामाला असतात. ती माणसं बिग बझारची नोकर कधीच नव्हती, म्हणून बेकारीच्या कुठल्याही आकड्यात ती दिसणार नाहीत.

जे रिलायन्सकडे गेले त्यांचीही गोष्ट 2022 मध्ये संपली नाही. मे 2023 मध्ये रिलायन्सने मेट्रो कॅश अँड कॅरीची भारतातली घाऊक दुकानं 2,850 कोटींना ताब्यात घेतली. त्याच सुमारास जिओमार्टमध्ये हजारावर लोकांना कमी केल्याच्या बातम्या आल्या. एकाच मालकाकडे तीन साखळ्या आल्या की खरेदी, हिशेब आणि गोदाम या तिन्ही ठिकाणी तिप्पट माणसं कशाला, हा प्रश्न उठतोच. कंपनीच्या वार्षिक अहवालानुसार रिलायन्स रिटेलची कर्मचारीसंख्या 2023-24 या एका वर्षात सुमारे 2 लाख 45 हजारांवरून 2 लाख 7 हजारांवर आली. कमी झालेल्यांपैकी जुने बिग बझारवाले किती, हे त्या अहवालात सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या नोकरांना आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. मॉलमधल्या तरुणांसाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि 2022 मध्ये ती असती तर बऱ्याच जणांच्या हाती काही ना काही पडलं असतं. आस्थापना हस्तांतरित झाल्यास भरपाईची तरतूदही नव्या संहितेत जवळपास जुन्याच आशयाची आहे. भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर करून घेऊन, तीच जागा, तेच गिऱ्हाईक आणि बहुतांश तीच माणसं घेऊन दुसऱ्याच पाटीखाली धंदा चालू केला, तर त्याला हस्तांतरण म्हणायचं का, याबद्दल तीत स्पष्ट शब्द नाही. तो घातला पाहिजे, आणि पुढची साखळी विकायला निघण्याआधी घातला पाहिजे.